घरच्या संगणकावरील हलतें चित्र



दहाबारा वर्षें वापरलेला संगणक ज्या घरांत आहे, त्या घरांत हल्लीं एक तक्रार हमखास ऐकूं येते. व्हिडिओ लावला कीं आवाज सरळ पुढें जातो, पण चित्र मात्र ठेचाळत मागून येतें. धांवणारा मुलगा मध्येंच थिजतो आणि पुढच्याच क्षणीं अंगणाच्या दुसऱ्या टोकाला दिसूं लागतो. घरांतील तरुण मंडळींचा निकाल ठरलेला असतो: "यंत्र जुनें झालें, आतां नवें घ्या." हा निकाल नेहमींच चुकीचा असतो असें नाहीं, परंतु तो बहुधा चौकशी न करतांच दिलेला असतो. ती चौकशी कशी करावी, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

या विषयाला निकड येण्याचें कारण असें. मायक्रोसॉफ्ट कंपनीनें आपल्या 'विंडोज १०' या प्रणालीची नेहमींची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबविली. तिच्या पुढच्या 'विंडोज ११' या प्रणालीला नव्या पिढीचा प्रोसेसर लागतो, आणि तो पुष्कळ जुन्या यंत्रांत नसतो. त्यामुळें सुस्थितींतील असंख्य संगणक अडगळीच्या वाटेला लागले. कित्येक सुज्ञ घरांनीं मात्र अशा यंत्रांवर लिनक्स ही मोफत प्रणाली बसविली. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्यानें तिचा गाभा १९९१ सालीं प्रथम प्रसिद्ध केला, आणि पुढें जगभरच्या हजारों हातांनीं ती वाढविली. पत्रें, हिशेब, वाचन हीं कामें ती जुन्या यंत्रावरहि निमूटपणें करते. पण व्हिडिओ अडखळला, कीं सर्व दोष तिच्या माथीं बसतो.

देवळाली कॅम्पांतील एखादें घर डोळ्यांपुढें आणावें. हवेसाठीं येऊन राहिलेलें वृद्ध जोडपें, जुना बंगला, मुलगा पुण्यास, मुलगी परदेशीं. घरांत २०१२ सालीं घेतलेला संगणक; त्यांत दोन गाभ्यांचा इंटेल प्रोसेसर, आणि त्यावर नुकतीच बसविलेली लिनक्स. या संगणकाकडून घराच्या अपेक्षा फार मोठ्या नाहींत. मुलाच्या लग्नाची जुनी कॅसेट डीव्हीडीवर उतरवून घेतली आहे, ती पाहावयाची. पुण्याहून नातवाचे मोबाईलवर घेतलेले व्हिडिओ येतात, ते पाहावयाचे. संध्याकाळीं यूट्यूबवर एखादें कीर्तन लावावयाचें. पण तिन्ही ठिकाणीं चित्र बिघडतें, आणि प्रत्येक ठिकाणीं निराळ्या तऱ्हेनें बिघडतें. लग्नाच्या चित्रांत कोणी हललें कीं त्याच्या कडेला फणीच्या दांतांसारख्या आडव्या रेघा उमटतात. नातवाचा व्हिडिओ चालतच नाहीं म्हटलें तरी चालेल. कीर्तन चालतें, पण बुवा उभे राहून नाचूं लागले कीं चित्र मागें पडतें.

लग्नाच्या त्या कॅसेटमध्यें जीं माणसें हसतांना, बोलतांना, पंक्तींत आग्रह करतांना दिसतात, त्यांतील कांहीं आज हयात नाहींत. तेव्हां हा प्रश्न निव्वळ करमणुकीचा नव्हे. आणि त्यासाठीं निवृत्तिवेतनांतून नव्या संगणकाचा खर्च करावा कीं नाहीं, हा निर्णयहि सोपा नव्हे.

हलत्या चित्राचें मर्म समजून घेण्यास देवळालीकराला लांब जावें लागत नाहीं. नाशिक जिल्ह्यांतील त्र्यंबकेश्वरीं ३० एप्रिल १८७० रोजीं जन्मलेले दादासाहेब फाळके यांनीं १९१२ सालीं वाटाण्याच्या रोपाची वाढ दाखविणारा एक लहानसा चित्रपट केला. बीं रुजलें, कोंब वर आला, वेल चढला, हें सर्व त्यांनीं ठराविक अंतरानें एकेक चित्र घेऊन टिपलें, आणि अनेक दिवसांची ती वाढ पाहणारांना थोडक्या वेळांत दाखविली. पडद्यावर रोप हललें. पण फितींतील एकहि चित्र हलत नव्हतें. पुढें ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहांत 'राजा हरिश्चंद्र' लागला, आणि त्याच सालीं फाळके आपला सारा व्याप घेऊन नाशकास आले. त्या काळीं कॅमेऱ्याचा दांडा हातानें फिरवावा लागे. सेकंदाला सुमारें १६ चित्रें या गतीनें हात सारखा फिरला, तर पडद्यावरील माणसें स्वाभाविकपणें चालत. हाताची लय चुकली, कीं तीं उगाच धांवत किंवा रेंगाळत.

हलतें चित्र म्हणजे स्थिर चित्रांची वेळेवर मांडलेली रांग. या रांगेंतील एकेका चित्राला फ्रेम म्हणतात. बोलपटाचें मान सेकंदाला २४ फ्रेम असें ठरलें, आणि भारतांतील दूरचित्रवाणीनें २५ चें मान घेतलें. एका सेकंदाचे हजार भाग कल्पिले, तर २५ च्या मानांत प्रत्येक फ्रेमच्या वांट्यास ४० भाग येतात. फ्रेम तयार होण्यास ३० भाग लागले, तर कोणाला कांहीं कळत नाहीं. तेथें ५० भाग लागूं लागले, कीं रांग तुंबते. मग व्हिडिओ चालविणारा कार्यक्रम आवाज अखंड ठेवतो आणि उशिरा आलेल्या फ्रेम टाकून देतो. कारण आवाजांतील खंड कानाला तत्काळ बोंचतो, डोळा त्यामानानें सोशिक आहे. आवाज नीट आणि चित्र अडखळतें, या चमत्काराचें कारण हेंच.

परंतु फ्रेम तयार व्हावयास वेळ कां लागावा? थोडा हिशेब करून पाहावा. हल्लींच्या साधारण व्हिडिओची फ्रेम रुंदीला १,९२० आणि उंचीला १,०८० ठिपक्यांची असते. म्हणजे एकूण २०,७३,६०० ठिपके. एकेका ठिपक्याचा रंग लिहिण्यास ३ बाइट धरले, तर एका फ्रेमला सुमारें ६२ लाख बाइट लागतात, आणि २५ फ्रेमच्या एका सेकंदाला सुमारें साडेपंधरा कोटि. या मानानें तासाभराच्या कीर्तनाला सुमारें ५६० गिगाबाइट जागा लागेल. प्रत्यक्षांत तेंच कीर्तन दोनअडीच गिगाबाइटांत बसतें.

हें साधतें तें दुकानदाराच्या रोजकीर्दीच्या युक्तीनें. दुकानदार रोज सकाळीं सर्व मालाची यादी नव्यानें लिहीत नाहीं. तो आरंभीची शिल्लक एकदां लिहितो आणि पुढें फक्त आलेंगेलें मांडतो. व्हिडिओची फाईलहि मधूनमधून एखादी फ्रेम पूर्ण लिहिते, आणि मधल्या फ्रेममध्यें फक्त काय बदललें तेवढेंच टिपते. कीर्तनकारांच्या मागची भिंत बदलत नाहीं, म्हणून ती पुन्हां पुन्हां लिहावी लागत नाहीं. बुवा नाचूं लागले कीं नोंदी वाढतात, आणि त्या नोंदींवरून शिल्लक काढण्याची मेहनतहि वाढते. चित्र नेमकें त्याच वेळीं मागें पडतें, याचें रहस्य येथें आहे. नोंदी लिहिण्याच्या आणि त्यांवरून चित्र पुन्हां उभें करण्याच्या रीतीला कोडेक म्हणतात. असे कोडेक अनेक आहेत. २००३ सालचा 'एच २६४', २०१३ सालचे 'एचईव्हीसी' आणि 'व्हीपी ९', २०१८ सालचा 'एव्ही १', हे त्यांतील प्रमुख. नवा कोडेक तेंच चित्र कमी जागेंत बसवितो. पण तें पुन्हां उलगडण्यास यंत्राला अधिक डोकें चालवावें लागतें.

तेव्हां पडद्यावर येईपर्यंत चित्राला तीन कामांतून जावें लागतें. तें घरापर्यंत आलें पाहिजे, तें उलगडलें पाहिजे, आणि तें योग्य क्षणीं पडद्यावर मांडलें गेलें पाहिजे. अडचण या तिहींपैकीं कोठें आहे, हें अगोदर ठरवावें आणि मगच उपायाला हात घालावा. बहुतेक घरांत नेमकें उलट घडतें. कोणी नेटचा वेग वाढवून घेतो, कोणी मेमरी वाढवितो, कोणी लिनक्सच बदलतो. आणि चित्र जेथल्या तेथें अडखळत राहतें.

पहिलें काम चित्र येण्याचें. देवळालीच्या इतिहासांत याला एक चांगला दाखला सांपडतो. ब्रिटिश अमदानींत मायदेशीं परतणारे गोरे सैनिक मुंबईहून जहाज मिळेपर्यंत येथील तळावर येऊन थांबत. माणसें येत तीं निरनिराळ्या छावण्यांतून, वेळीं अवेळीं. जहाजें सुटत तीं ठरल्या हंगामांत. हें थांबणें कित्येकांना इतकें असह्य होई, कीं देवळालीच्या नांवावरून वेडसरपणाच्या अर्थाचा 'डूलॅली' हा शब्द इंग्रजींत रूढ झाला. अनियमित आवक आणि नियमित जावक यांच्यामध्यें जो असा तळ लागतो, त्याला संगणकाच्या भाषेंत बफर म्हणतात. नेटवरून येणाऱ्या फ्रेम तेथें जमतात आणि तेथून ठरल्या क्षणीं पुढें जातात. तळ रिकामा पडला, कीं पडद्यावर चक्र गरगरूं लागतें. तेव्हां चित्राबरोबर आवाजहि थांबतो. ही खूण लक्षांत ठेवण्यासारखी आहे. चित्र आणि आवाज दोन्ही थांबून चक्र फिरत असेल, तर दोष वाटेचा. आवाज चालूं राहून एकटें चित्र अडखळत असेल, तर दोष बहुधा घरांतल्या यंत्राचा. खात्री करून घ्यावयाची असेल, तर संगणकांतच असलेली एखादी तशीच फाईल लावून पाहावी. तीहि अडखळली, तर नेटवाल्याला दूरध्वनि करण्यांत अर्थ नाहीं. ती सुरळीत चालली, तर बिनतारी जोडणीऐवजीं तार लावून पाहावी, किंवा राउटर जवळ आणावा.

दुसरें काम उलगडण्याचें, आणि जुन्या संगणकावर बहुतेक घोटाळा येथेंच असतो. हें काम संगणकांत दोघांना करतां येतें. एक मुख्य प्रोसेसर. त्याला सर्व कामें येतात, पण म्हणूनच त्याला सर्व कामें करावींहि लागतात. दुसरा चित्रविभागांतील एक लहानसा खास भाग. त्याला कांहीं ठराविक कोडेक उलगडणें एवढेंच येतें, पण तें तो फार थोड्या विजेंत आणि चटकन् करतो. शाळेंत गणिताचा शिक्षक मोकळा बसला आहे आणि मुख्याध्यापक कचेरीचें काम संभाळून सर्व वर्गांचीं उदाहरणें सोडवीत आहेत, असा प्रकार लिनक्सवर पुष्कळदां होतो. शिक्षक नालायक नसतो. त्याला वर्गावर पाठविण्याचा हुकूमच कोणी काढलेला नसतो.

हा हुकूम म्हणजे व्हीए-एपीआय या नांवाची जोडणी. ती इंटेल कंपनीनें पुढें आणली आणि आज इंटेल व एएमडी या दोघांच्या चित्रविभागांसाठीं लिनक्सवर वापरतात. एनव्हिडिया कंपनीनें आपल्यापुरती व्हीडीपीएयू ही निराळी जोडणी २००८ सालीं काढली. इंटेलच्या यंत्रासाठीं योग्य ड्रायव्हर निवडावा लागतो. साधारणपणें २०१४ पूर्वींच्या पिढ्यांना 'आय ९६५' नांवाचा जुना ड्रायव्हर, आणि त्यापुढच्यांना 'इंटेल मीडिया ड्रायव्हर'. दोन्ही लिनक्सच्या स्वतःच्या भांडारांत असतात. ड्रायव्हर बसविल्यावर 'व्हीए-इन्फो' ही आज्ञा द्यावी, म्हणजे आपल्या यंत्रांतील खास भागाला कोणकोणते कोडेक येतात याची यादीच समोर येते. २०१२ सालच्या इंटेल यंत्राच्या यादींत डीव्हीडीचा 'एमपेग २' आणि 'एच २६४' हे दोन्ही असतात. 'एचईव्हीसी', 'व्हीपी ९' आणि 'एव्ही १' नसतात. इंटेलच्या यंत्रांत 'एचईव्हीसी' चें पूर्ण ज्ञान २०१५ च्या सुमारास आलें, 'व्हीपी ९' चें २०१६-१७ मध्यें, आणि 'एव्ही १' चें २०२० मध्यें.

आतां त्या बंगल्यांतील तिन्ही तक्रारी एकेक करून घ्याव्या.

कीर्तनाचा व्हिडिओ चालूं असतांना त्यावर उजवें बटण दाबून 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' हा पर्याय निवडला, कीं यूट्यूब स्वतःच सांगतें, कोणता कोडेक पाठविला आहे आणि किती फ्रेम टाकून दिल्या. तेथें 'एव्ही १' किंवा 'व्हीपी ९' लिहिलेलें असेल, आणि टाकलेल्या फ्रेमचा आंकडा सारखा वाढत असेल, तर निदान झालें. यूट्यूबजवळ तेंच कीर्तन 'एच २६४' मध्येंहि बहुधा असतें. फक्त तें मागावें लागतें. 'एच २६४ इफाय' या नांवाची एक छोटी मोफत पुरवणी ब्राउझरला जोडली, कीं तो यापुढें जुन्या कोडेकचीच मागणी करतो. फायरफॉक्स ब्राउझर लिनक्सवर इंटेलच्या खास भागाकडून काम करून घेण्यास २०२३ सालच्या ११५ व्या आवृत्तीपासून आपण होऊन शिकला आहे. परंतु अगदीं जुन्या यंत्रावर तें न साधलें, तरी 'एच २६४' उलगडणें मुख्य प्रोसेसरलाहि पुष्कळच सोपें जातें. एवढ्यानें भागलें नाहीं, तर चित्राचा आकार १,०८० वरून ७२० ओळींवर आणावा. ठिपके निम्म्याहूनहि कमी होतात, आणि चारपांच हात अंतरावरून बुवांच्या चेहऱ्यांत फारसा फरक दिसत नाहीं.

नातवाच्या व्हिडिओची गोष्ट निराळी. पुष्कळ नवे मोबाईल 'एचईव्हीसी' मध्यें चित्र घेतात. ॲपलनें ही रीत २०१७ सालीं आणली. त्यांत चित्र ३,८४० गुणिले २,१६० ठिपक्यांचें असेल, तर काम चौपट होतें. २०१२ सालच्या खास भागाला हा कोडेक मुळींच येत नाहीं, आणि दोन गाभ्यांच्या प्रोसेसरला तें ओझें पेलत नाहीं. येथें कोणताहि ड्रायव्हर उपयोगीं पडावयाचा नाहीं. उपाय दोन आहेत. पहिला, फाईल एकदांच रूपांतरित करून घ्यावी. हँडब्रेक हा मोफत कार्यक्रम लिनक्सवर चालतो. रात्रीं निजतांना त्याला काम लावून दिलें, कीं तो सावकाश 'एच २६४' ची प्रत तयार करून ठेवतो. चित्र चालवितांना प्रत्येक फ्रेमला ४० भागांची मुदत असते, रूपांतर करतांना मुदतच नसते. म्हणून जें काम त्या यंत्राला क्षणांत जमत नाहीं, तें रात्रभरांत जमतें. मूळ फाईल मात्र जपून ठेवावी, कारण रूपांतरांत चित्राचा थोडा कस जातोच. दुसरा उपाय याहून सोपा: मुलाला पत्रानें किंवा फोननें कळवावें, कीं मोबाईलच्या कॅमेऱ्याच्या मांडणींत १,०८० ओळी आणि 'मोस्ट कंपॅटिबल' हा पर्याय ठेव. पुण्यांत बसून त्याला याला अर्धें मिनिट लागेल.

लग्नाच्या चित्रांतील फणीचे दांत हा तर दोषच नव्हे. तो जुन्या दूरचित्रवाणीच्या रीतीचा ठसा आहे. त्या काळीं प्रत्येक फ्रेम दोन खेपांत घेत: प्रथम विषम ओळी, आणि सेकंदाच्या पन्नासाव्या भागानंतर सम ओळी. कांचेच्या नळीचे जुने टीव्ही संच त्या ओळी त्याच क्रमानें दाखवीत, म्हणून डोळ्याला कांहीं खटकत नसे. आजचा सपाट पडदा सर्व ओळी एकदम दाखवितो. तेवढ्या अवधींत नवरीनें हार घालण्यास हात उचललेला असला, तर सम ओळींत हात वर आणि विषम ओळींत खालीं, असें दिसतें. व्हीएलसी कार्यक्रमाच्या 'व्हिडिओ' या यादींत 'डीइंटरलेस' नांवाचा पर्याय आहे. तो चालूं करून त्याची 'याडिफ २एक्स' ही तऱ्हा निवडावी. मग दोन्ही खेपांचीं दोन स्वतंत्र चित्रें बनतात, सेकंदाला २५ ऐवजीं ५० चित्रें दिसतात, आणि कॅसेटमधील हालचाल पूर्वीं टीव्हीवर दिसे तशी वाहती दिसूं लागते. कित्येक घरांनीं ही सोय ठाऊक नसल्यामुळें आपल्या कॅसेटी खराब झाल्या असें समजून त्या टाकून दिल्या आहेत.

व्हीएलसीचें नांव आलें, तेव्हां त्याच्याविषयींहि दोन शब्द सांगणें अवश्य आहे. पॅरिसमधील एकोल सेंत्राल या विद्यालयाच्या विद्यार्थ्यांनीं १९९६ सालीं हें काम आरंभिलें आणि २००१ सालीं तें सर्वांना खुलें केलें. त्याच्या 'टूल्स' यादींतील 'कोडेक इन्फर्मेशन' या खिडकींत फाईलचा कोडेक, आकार, फ्रेमचें मान आणि गमावलेल्या फ्रेमची संख्या हीं सर्व मिळतात. एमपीव्ही हा दुसरा कार्यक्रम याहून साधा आणि जुन्या यंत्राला हलका पडतो. त्यांत 'आय' ही कळ दाबली कीं तीच माहिती पडद्यावर येते, आणि कंट्रोलबरोबर 'एच' दाबलें कीं खास भागाला काम देतां किंवा काढून घेतां येतें. दोन्ही रीतींनीं तीच फाईल लावून सिस्टम मॉनिटरवर प्रोसेसरचा भार पाहावा, म्हणजे शिक्षक वर्गावर गेला कीं नाहीं हें तत्काळ कळतें.

२०२२ सालीं व्हीएलसीचें संकेतस्थळ भारतांत कित्येक महिने उघडत नव्हतें. तशी कोणतीहि जाहीर सूचना निघाली नव्हती. ऑक्टोबरमध्यें कायदेशीर नोटीस गेल्यावर नोव्हेंबरमध्यें तें पुन्हां खुलें झालें. लिनक्स वापरणारांचें त्या काळांत फारसें अडलें नाहीं; कारण त्यांना हा कार्यक्रम त्यांच्या प्रणालीच्या भांडारांतूनच मिळत होता. यांतून घेण्याजोगा धडा असा, कीं चित्र चालविण्याचीं साधनें नेहमीं भांडारांतूनच घ्यावीं. 'कोडेकचा संच' म्हणून अनोळखी संकेतस्थळें जें देऊं करतात, त्याला हात लावूं नये. एक अपवादासारखी गोष्ट ध्यानांत ठेवावी. कांहीं कोडेकांवर पेटंटचे हक्क आहेत, म्हणून फेडोरासारखी प्रणाली ते आरंभीं देत नाहीं. फेडोरानें २०२२ सालीं चित्रविभागाच्या ड्रायव्हरमधूनहि 'एच २६४' आणि 'एचईव्हीसी' वगळले. तेथें आरपीएम फ्यूजन हें प्रसिद्ध जोड-भांडार जोडावें लागतें. मिंटमध्यें यासाठीं यादींतच 'मल्टिमीडिया कोडेक्स' असा पर्याय असतो.

राहिलें तिसरें काम, मांडण्याचें. फ्रेम वेळेवर तयार झाली, तरी ती भलत्या क्षणीं मांडली तर चित्र फाटतें. वाचणारा पान निम्मेंच वाचून झाला असतांना कोणीं पान उलटावें, तसा हा प्रकार: पडद्याच्या वरच्या भागांत जुनी फ्रेम, खालच्या भागांत नवी, आणि मध्यें एक आडवी भेग. उभ्या खांबावरून कॅमेरा आडवा सरकतांना ही भेग स्पष्ट दिसते. लिनक्सवर पूर्वींपासून चालत आलेली 'एक्स' ही पडद्याची व्यवस्था १९८४ सालची. तिच्यांत ही अडचण पुष्कळदां येते. २००८ सालीं आरंभिलेली वेलँड ही व्यवस्था फ्रेम पूर्ण झाल्यावांचून ती पडद्यावर येऊं देत नाहीं. पुष्कळ प्रणालींत परवलीचा शब्द देतांना कोपऱ्यांतील चक्रावर दाबलें, कीं या दोहोंतून निवड करतां येते. निवड बदलून तीच फाईल पुन्हां पाहावी. याला पैसा लागत नाहीं, आणि न जमलें तर परत फिरतां येतें.

याहून सूक्ष्म असा एक दोष आहे. बहुतेक पडदे सेकंदाला ६० वेळां ताजे होतात. २५ नें ६० ला नि:शेष भाग जात नाहीं; म्हणून कांहीं फ्रेम दोनदां दिसतात तर कांहीं तीनदां, आणि कॅमेरा सावकाश फिरतांना चित्राला बारीकसा हिसका बसतो. पडद्याच्या मांडणींत ५० किंवा ७५ चें मान उपलब्ध असेल, तर तें घेतल्यावर प्रत्येक फ्रेमला सारखा वेळ मिळतो आणि हिसका नाहींसा होतो. हा उपाय सर्वांत शेवटीं करावा. आधींचीं दोन कामें बिघडलेलीं असतांना यानें कांहीं लाभ होत नाहीं.

पहिलीं दहापंधरा मिनिटें चित्र सुरळीत चालून मग अडखळूं लागलें, तर वरील कशांतहि न शिरतां पंखा पाहावा. धुळीनें तो चोंदला, कीं प्रोसेसर तापतो आणि जळूं नये म्हणून आपली गति आपणच कमी करतो. यंत्र बंद करून, तार काढून, मऊ ब्रशनें धूळ झाडावी. वीज वांचविण्याची योजना चालूं राहिली असेल, तर तीहि चित्र पाहतांना बदलावी.

इतकें करूनहि कांहीं गोष्टी जुन्या यंत्राला साधत नाहींत, हें मोकळेपणानें मान्य केलें पाहिजे. ३,८४० ठिपक्यांचा 'एव्ही १' व्हिडिओ २०१२ सालच्या संगणकावर कोणत्याहि युक्तीनें चालावयाचा नाहीं. ज्याला रोज तेंच पाहावयाचें आहे, त्यानें नवें यंत्र अवश्य घ्यावें, आणि घेतांना त्याच्या खास भागाला 'एव्ही १' येतो कीं नाहीं हें विक्रेत्याला विचारून घ्यावें. मात्र ज्या घराला लग्नाची कॅसेट, नातवाचीं पहिलीं पावलें आणि संध्याकाळचें कीर्तन एवढेंच हवें आहे, त्या घराचें काम एक ड्रायव्हर, ब्राउझरची एक पुरवणी, व्हीएलसीचा एक पर्याय आणि मुलाला केलेला एक फोन, इतक्यांत होतें. दुपारच्या दोनतीन तासांचें हें काम आहे. त्यांत घाई करूं नये. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, तीच फाईल पुन्हां लावून पाहावी, आणि काय बदललें तें वहींत लिहून ठेवावें. पुढच्या वेळीं चित्र अडखळलें, तर ती वही घरांतील कोणालाहि उपयोगीं पडेल.